विद्येला कुलूप नको

दिवाळीच्या अंकात आजारपणाचा विषय काढला म्हणून रसिक वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. फराळाच्या दिवसांतही बायकांना कळा येतात आणि घाटात गाड्या दरीत कोसळतात. मरण काही पंचांग पाहून येत नाही. मी मॅट्रिक झालेला मास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. या मास्तराला वैद्यकातले काय कळते, असे कोणी विचारील. वैद्यकातले फारसे कळत नाही. पण शिकवणे म्हणजे काय आणि न शिकवण्याची किंमत काय, हे मला पक्के ठाऊक आहे. आजचा वाद नेमका तोच आहे.

वाद सोनोग्राफीचा. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड १९५५ साली बॉयलरच्या कारखान्यात गेले आणि लोखंडातली चीर शोधणाऱ्या यंत्रावर त्यांनी रोग्यांच्या शरीरातून काढलेल्या गाठी पारखून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. कानाला ऐकू न येणारा नाद शरीरात सोडायचा आणि त्याचे प्रतिध्वनी पडद्यावर चित्ररूपाने पाहायचे, एवढेच त्यातले मर्म. ते यंत्र आज डॉक्टरच्या खिशात मावते आणि मोबाइलवर चित्र दाखवते.

यंत्र लहान झाले, तशी एक नवी विद्या जन्माला आली. तिला आपण खाटेशेजारची सोनोग्राफी म्हणू. तिच्यात निष्णात तज्ज्ञासारखे सारे शरीर धुंडाळायचे नसते. एकच प्रश्न विचारायचा आणि होय की नाही एवढेच उत्तर घ्यायचे. अपघातात सापडलेल्याच्या पोटात रक्त साठले आहे काय? यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधली फट, प्लीहेची बाजू, ओटीपोट आणि हृदयाभोवतालची जागा, अशा चार ठिकाणी पाहायचे. साठलेले रक्त काळे दिसते. फुप्फुसाभोवती हवा कोंडली आहे काय? निरोगी फुप्फुसाचे आवरण श्वासागणिक सरकताना दिसते; हवा कोंडली की ते सरकणे दिसेनासे होते. गरोदर बाईची वार गर्भाशयाच्या तोंडावर तर आलेली नाही ना? हे आधी कळले, तर तिला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी वेळेवर नेता येते. ज्याच्या उत्तरावर जीव टांगलेला आहे, असा प्रश्न तालुक्याच्या दवाखान्यात विचारताच येऊ नये, ही कुठली रीत?

इथे आमचे विरोधक मुलींचा प्रश्न पुढे करतात. तो हसण्यावारी नेण्याचा नाही. गर्भलिंग तपासण्याविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, त्या २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाल्या. हे आकडे म्हणजे आपल्या घराघरांतल्या पापाची जंत्री आहे. तो कायदा सैल करा, असे मी म्हणणार नाही. म्हणेल त्याला मी दारात उभा करणार नाही. यंत्राची नोंद हवी, तपासणीचा कागद हवा, गुन्हेगाराला तुरुंग हवा.

पण चोराच्या भीतीने घरातला दिवाच विझवायचा काय? २०१२ च्या दुरुस्तीने हाती नेण्याजोग्या यंत्राला नोंदलेल्या रुग्णालयाची हद्द किंवा फिरते वैद्यकीय पथक एवढीच मुभा ठेवली. २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरला पोटाच्या सोनोग्राफीसाठी सहा महिन्यांचे शिक्षण आणि परीक्षा नेमली. गर्भ पाहायचा असेल तर ते ठीकच आहे. मात्र दम लागलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत कोणता गर्भ दडलेला असतो? अपघातात सापडलेल्या ट्रकवाल्याच्या पोटात कोणती मुलगी असते? त्यांच्यासाठीही तेच कुलूप! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते असे.

दुसरा आक्षेप अर्धवट विद्येचा. हा माझ्या धंद्यातला आक्षेप आहे, म्हणून त्याला मी मान देतो. पाटी हाती दिली म्हणजे पोर साक्षर होत नाही आणि यंत्र हाती दिले म्हणजे डॉक्टरला दिसू लागत नाही. दोन दिवसांचे शिबिर, दुपारचे जेवण, निरोपाचा फोटो आणि भिंतीवर प्रमाणपत्र, असल्या तमाशाला मी शिक्षण म्हणत नाही. अमेरिकेतल्या तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००१ साली सांगितले की, एकेका उपयोगासाठी जाणत्याच्या देखरेखीखाली २५ ते ५० तपासण्या कराव्यात. म्हणजे गिरवून घ्या, तपासा, चुकले तर पुन्हा गिरवायला लावा. आमच्या पहिलीच्या वर्गात याहून निराळे काय चालते? अर्धवट विद्येवरचा उतारा पुरी विद्या हा आहे, अज्ञान नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत कडवा. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान आणि ग्वाटेमाला या पाच देशांत परिचारिका, सुइणी आणि इतर आरोग्यसेवकांना दोन आठवडे सोनोग्राफी शिकवून पुढे काही आठवडे त्यांच्या कामावर देखरेख ठेवली. त्यांनी ती विद्या उत्तम आत्मसात केली; पण २०१८ साली निष्कर्ष आले, तेव्हा माता आणि बाळे यांचे मृत्यू काही घटलेले दिसले नाहीत. झाले! विरोधकांनी टाळ्या पिटल्या. मी त्यातून दोन धडे घेतो. पहिला हा की, परिचारिकेच्या हाताला ही विद्या जमते. ‘त्यांना काय कळणार’ ही तज्ज्ञांची घमेंड तिथे उघडी पडली. दुसरा हा की, दिसणे म्हणजे पोहोचणे नव्हे. वार खाली आहे हे कळले, पण गाडी नाही, रक्त नाही, भूल देणारा नाही, तर त्या कळण्याचे काय लोणचे घालायचे? तेव्हा विद्येबरोबर रस्ता आणि रक्तही मागा. पायरी अपुरी पडली म्हणून जिना कोणी पाडत नाही.

माझे मागणे साधे आहे. छाती, हृदय आणि पोटातले रक्त एवढ्यापुरता वेगळा अभ्यासक्रम आखा. तो ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरला आधी आणि कायद्यात तेवढी नेमकी वाट करून परिचारिकेला नंतर शिकवा. यंत्र रुग्णालयाच्या नोंदीवर राहू द्या. प्रत्येक चित्र साठवा आणि ते जिल्ह्याच्या तज्ज्ञाने तपासावे. गर्भाची तपासणी सहा महिने शिकलेल्याकडेच ठेवा. पण ते शिक्षण गावच्या डॉक्टरला सरकारच्या खर्चाने आणि भरपगारी रजेवर द्या.

आणि वाचकहो, शेवटचा शब्द तुमच्याशी. मुलगी नको म्हणणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही. ते मागणे घरातून निघते. फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या आपण साऱ्यांनी ते मागणे सोडले, तर सरकारला यंत्राची भीती उरणार नाही आणि गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला पाहायला शिकता येईल. कुलूप लावायचेच असेल तर त्या मागण्याला लावा.