कंठ एकाचा, काया दुसऱ्याची

ज्या काळी रत्नागिरीच्या आसपासच्या गावांतून आखाती देशांत चाकरीस गेलेली मंडळी सुट्टीवर परतताना अत्तराच्या कुप्या आणि जपानी टू-इन-वन यांच्या जोडीने विलायती गाण्यांच्या कॅसेटीही आणीत असत, त्या काळी ‘बोनी एम’ या चौघांच्या बँडने आमच्या आळीवर जो अंमल गाजविला, त्यापुढे आकाशवाणीवरील भावगीतांचाही काही दिवस निरुपाय झाला होता. इंग्रजी आम्हांस बेताचेच येई. परंतु ‘डॅडी कूल’ किंवा ‘मा बेकर’ यांच्या आस्वादास शब्दार्थाची अट नव्हती, आणि गणपतीच्या मांडवात आरती आटोपल्यावर ‘रास्पुतिन’ सुरू झाले म्हणजे वडीलधाऱ्यांच्या कपाळावरील आठ्यादेखील तालात हलत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नव्हे.

पुढे बदल्या झाल्या, प्रपंच वाढला, अभिजात संगीताची गोडी लागली आणि कॅसेटी कोठे गेल्या याची चौकशीही कोणी केली नाही. अलीकडे भाचीने मोबाईलवर ‘रास्पुतिन’चा २०२१ सालचा नवा अवतार लावला, आणि हे आजचेच गाणे आहे अशा थाटात मला त्याची ओळख करून देऊ लागली, तेव्हा मूळ गाणे ऐकल्यावाचून राहवेना, आणि एकदा ऐकावयास बसल्यावर या मंडळींची सारी कैफियतच वाचून काढली.

ती विलक्षण आहे. फ्रँक फारियन हा जर्मन निर्माता तरुणपणी आचाऱ्याचे काम शिकलेला होता. त्याने १९७५ साली स्टुडिओत बसून, आपलाच आवाज कधी खर्जात उतरवून तर कधी कृत्रिम तारस्वरात चढवून, एक तबकडी काढली. एका ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी मालिकेतील गुप्तहेराच्या नावावरून तिच्यावर गायक म्हणून ‘बोनी एम’ हे नाव घातले. आणि ती खपू लागून प्रत्यक्ष दर्शनाची मागणी आली, तेव्हा कॅरिबियन बेटांतून युरोपात आलेली माणसे जमवून अखेरीस चौघांना त्या नावाखाली उभे केले. पैकी लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट ध्वनिमुद्रणात खरोखरच गात. मेझी विल्यम्सचा आवाज त्या गाजलेल्या तबकड्यांत नव्हता. आणि ज्याच्या अंगविक्षेपांची नक्कल करताना आमच्या आळीतील पोरांनी पाय मुरगळून घेतले, त्या बॉबी फॅरेलच्या मुखातून निघणारा तो घनगंभीर पुरुषी स्वर तर खुद्द फारियनचा होता.

हा प्रकार पाश्चात्त्यांना फसवणुकीचा वाटतो. फारियननेच पुढे उभ्या केलेल्या ‘मिली व्हॅनिली’ या जोडीला दिलेले ग्रॅमी पारितोषिक १९९० साली याच कारणास्तव काढून घेण्यात आले. पार्श्वगायनावर पोसलेल्या आपल्या पिढ्यांना मात्र यात धक्का बसण्यासारखे काय आहे, हे चटकन कळत नाही. ‘महल’ चित्रपटाच्या तबकडीवर १९४९ साली प्रारंभी लता मंगेशकरांच्या ऐवजी ‘कामिनी’ असे पात्राचेच नाव छापले होते, आणि श्रोत्यांनी त्यावरून दावे न ठोकता आकाशवाणीकडे गायिकेची पृच्छा केली. अर्थात, रूपाचा आणि गळ्याचा धनी एकच असावा असा बालगंधर्वांच्या संगीत रंगभूमीचा दंडकही आपलाच. त्यामुळे मराठी माणूस या खटल्यात दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेऊ शकतो. मी बॉबीचे घेतो. फारियनच्या त्या खर्जाला देह नसता, तर तो यंत्रातील एक घुमारा ठरला असता.

पुन्हा ऐकताना सर्वांत टिकून राहिलेला आवाज लिझ मिचेलचा. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे १९७८ साली ब्रिटनमध्ये पाच आठवडे अग्रस्थानी राहिलेले गाणे मूळ ‘मेलोडियन्स’ या जमैकन गायकांचे, १९७० चे. आणि त्याचा आधार बायबलमधील स्तोत्रसंहितेचे १३७ वे स्तोत्र, म्हणजे परमुलखात बंदिवान झालेल्यांनी मायभूमीसाठी केलेला विलाप. जमैकाहून युरोपात आलेल्या स्त्रीने ते गावे, आणि चाकरीसाठी दुबईस गेलेल्या कोकणी माणसाने त्याची कॅसेट घरी आणून तीवर लग्नाच्या वरातीत पोरे नाचवावीत, हा योगायोग त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानी आला नाही. दुबईस नदी नाही, खाडी आहे. तेवढा फरक सोडला तर ते गाणे आणणाऱ्याचेच होते.

बॉबी फॅरेलला फारियनने १९८१ साली काढून टाकले आणि काही वर्षांनी परत बोलावले. पुढे तो स्वतःचा संच घेऊन, स्वतःच्याच घोगऱ्या गळ्याने तीच गाणी गात जगभर फिरला. ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये, आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम आटोपून हॉटेलात परतल्यावर, तो मरण पावला. ज्याच्यावर ते गाणे आहे त्या खुद्द रास्पुतिनचा खून १९१६ साली त्याच शहरात झाला होता, आणि नव्या पंचांगाप्रमाणे तारीखही तीच पडते. भाचीला हे सांगितले, तर तिने आधी माझ्यावर अविश्वास दाखविला, मग मोबाईलवर पडताळा घेतला, आणि नंतर बॉबीच्या नाचाच्या जुन्या चित्रफिती एकामागून एक लावीत बसली. गातो कोण, हे तिने विचारलेदेखील नाही.