आकड्यांची पदवी की धोरणाची?

एमबीबीएस किंवा बीडीएस झाल्यावर क्लिनिकल पीजीच्या रांगेत न थांबता सार्वजनिक आरोग्य धोरणाकडे वळणारे तरुण आता दिसू लागले आहेत. त्यांच्यासोबत अभियंते आणि अर्थशास्त्राचे पदवीधरही असतात. या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच असतो. अर्थशास्त्र, प्रशासन, समाजशास्त्र शिकवणारी जुन्या वळणाची मास्टर्स करावी की संख्याशास्त्र आणि संगणकावर भर देणारी? शिकागो विद्यापीठाच्या हॅरिस स्कूलमध्ये या दोन्ही पदव्या एकाच छताखाली मिळतात. मुंबईत हा फरक ढोबळमानाने देवनारमध्येच पाहायला मिळतो. तिथे लोकसंख्याशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र शिकवणारी आयआयपीएस आहे आणि आरोग्यव्यवस्थेचा सामाजिक अंगाने अभ्यास करणारी ‘टिस’ही आहे.

निवड करण्याआधी रक्तक्षयाच्या आकड्यांची गोष्ट समजून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत सहा ते ५९ महिन्यांच्या बालकांतील रक्तक्षयाचे प्रमाण ५८.६ टक्के होते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते ६७.१ टक्क्यांवर गेले. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ‘अॅनिमियामुक्त भारत’ मोहीम सुरू झालेली होती. मग मोहीम फसली म्हणायचे का? २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ४१ टक्के आढळले होते. वयोगटात थोडा फरक आहे, पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. कुटुंब सर्वेक्षणाच्या या फेऱ्यांत बोटाला टोचून थेंब घेतला होता, तर पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले होते. थेंब येत नाही म्हणून बोट दाबले की पेशींभोवतीचा द्रव रक्तात मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. लॅब टेक्निशियनला हे पाठ असते. संगणकावर उतरवून घेतलेल्या फाईलमध्ये मात्र फक्त आकडा येतो, दाबलेले बोट येत नाही.

जुन्या वळणाच्या पदवीधराची अडचण उलटी असते. ६७ टक्के हा आकडा तो अहवालाच्या पहिल्या पानावर ठेवतो आणि पुढे जातो. वयोगट कोणता, मोजणी कशी झाली, चूक किती संभवते, हे विचारण्याचे बळ त्याच्याकडे नसले, तर सल्लागार कंपनीचे सादरीकरण सांगेल ते त्याला मान्य करावे लागते.

पण काही प्रश्न आकडेवारीत मुळातच नसतात. लोहाच्या गोळ्या वाटल्या हे रजिस्टरवरून कळते, पोटात गेल्या की नाही हे कळत नाही. मळमळ होते, शौचाला काळे होते, म्हणून कितीतरी जणी गोळी बंद करतात. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे रक्त कमी असण्यामागे सिकलसेलही असू शकतो, तिथे नुसत्या लोहाने भागत नाही. हे कळायला आशाताईंबरोबर घरोघर फिरावे लागते.

म्हणून कोणती पदवी चांगली, यापेक्षा विद्यार्थी कुठून आला हे पाहावे. डॉक्टरांनी रुग्ण आणि वॉर्ड पाहिलेले असतात, कच्चे असते ते गणित. पीएसएमचे संख्याशास्त्र परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले असते, हे कोणीही कबूल करील. त्यांनी आकड्यांकडे जावे, भीती वाटत असली तरी. संगणक अभियंत्याला कोड येतोच, आणि राहिलेले संख्याशास्त्र तो नोकरी सांभाळून शिकू शकतो. जिल्हा परिषदेचा निधी मार्च अखेरीस घाईने का खर्च होतो, हे त्याला घरबसल्या कळणार नाही. त्याच्यासाठी जुनी पदवीच बरी.

परदेशी पदवीसाठी कर्ज काढण्याआधी दोन चौकश्या नक्की कराव्यात. प्रत्यक्ष गावात किंवा वस्तीत किती आठवडे काढावे लागतात? आणि प्रबंधासाठी विद्यार्थी स्वतः माहिती गोळा करतात की तयार फाईल उतरवून घेतात? उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन करावा, तो सांगेल.