माझ्या मापाची गिटार

मैत्रिणींनो, गेले आठ दिवस दारावरची घंटा वाजली की मी हातातलं काम टाकून धावते. कधी दूधवाला असतो, कधी गणपतीची वर्गणी मागायला आलेली मुलं. परवा तर कणकेच्या हातानं दार उघडलं, तर समोर शेजारच्या वहिनी विरजणाची वाटी घेऊन उभ्या! माझा पडलेला चेहरा पाहून म्हणाल्या, "का हो, कुणी पाहुणे यायचेत का?"

पाहुणीच यायची आहे. पुण्याहून माझी गिटार यायची आहे. पण ऐन वेळी जीभ अडखळली आणि मी म्हणून गेले, "मुलीसाठी गिटार मागवलीय."

वहिनी विरजण घेऊन गेल्या. मागं वळून बघते तर लेक उभी. "आई, ती माझी आहे? मग तू मला हात लावू देणार नाहीस असं का म्हणालीस?" काय उत्तर देणार?

आता तुम्हाला खरं काय ते सांगते. कॉलेजात असताना आमच्या दादाची गिटार घरी होती. चांगली मोठ्या पेटीची. ती मांडीवर घेतली की उजवा खांदा कानाला लागायचा आणि डावी बोटं ताणून ताणून दुखायची. शिकवणारे सर म्हणाले, "तुझा हात लहान आहे, हे तुझं काम नव्हे." पटलं मला ते. बी.ए. झाले, लग्न झालं, चिपळूणला आले. आपल्या हातात कला नाही, ही गोष्ट मी चौदा वर्षं धरून चालले.

गेल्या दिवाळीत पुण्याला नणंदेकडे गेलो होतो. भाच्याला गिटार घ्यायची म्हणून सगळे दुकानात गेलो. तिथल्या माणसानं सहज एक लहान अंगाची गिटार माझ्या हातात दिली. काय सांगू, खांदा जिथल्या तिथं राहिला! ज्या 'एफ' कॉर्डनं मला रडवलं होतं, ती वाजली. अगदी स्वच्छ नाही, पण वाजली. दुकानदार म्हणाले, "घाई करू नका. ह्याच कारखान्याचा नव्या घडणीचा लहान नमुना यंदा यायचा आहे. मान थोडी अरुंद केली आहे. तोच घ्या." तेव्हापासून मी थांबले आहे.

घरी येऊन जरा वाचन केलं, तेव्हा कळलं की गिटार मुळात एवढी मोठी नव्हतीच. अमेरिकेत मार्टिन ह्यांचा कारखाना १८३३ साली सुरू झाला. त्या काळातल्या गिटारी बैठकीच्या खोलीत वाजवायच्या, आतड्याच्या तारांच्या आणि बेताच्या अंगाच्या असत. बायकाही त्या हौसेनं वाजवीत. पुढे गाण्याला साथ करायला मोठा आवाज हवा, म्हणून पेटी वाढत गेली. १९१६ साली मार्टिननं बोस्टनच्या एका पेढीसाठी भलीमोठी गिटार बनवली. तिचं नाव 'ड्रेडनॉट', म्हणजे चक्क एका इंग्रज युद्धनौकेचं! तिची पेटी रुंद जागी जवळजवळ ४० सेंटिमीटर भरते. मार्टिनच्याच जुन्या लहान मापाची ३४ च्या आसपास. पुढे ही मोठी गिटारच जिकडेतिकडे झाली. अलीकडे वारं पुन्हा फिरलं आहे. टेलर कंपनीनं १९९६ साली 'बेबी' आणि २०१० साली 'जीएस मिनी' अशा लहान गिटारी काढल्या, आणि इतर कारखानेही त्या वाटेनं गेले.

लहान गिटारीत सोय कुठे असते, तेही सांगते. तारेची वाजणारी लांबी मोठ्या गिटारीत साधारण साडेचौसष्ट सेंटिमीटर असते, 'जीएस मिनी'त साठाच्या आत. लांबी कमी झाली की तोच स्वर कमी ताणात मिळतो. म्हणजे तार दाबायला जोर कमी लागतो, आणि पट्ट्याही जवळ जवळ येतात. पेटीतली हवा कमी, म्हणून खर्जाचा भरदारपणा थोडा उणा. ते मान्य करायलाच हवं. पण बोटांनी एकेक तार छेडायची असेल, तर आवाज मोकळा आणि स्पष्ट येतो. मला काही मंडपात वाजवायची नाही!

आणि हे सारं परक्यांचंच कौतुक आहे असं समजू नका. आपल्या मिरजेचे कारागीर गवयाचा तंबोरा वेगळा आणि गायिकेचा वेगळा, जरा लहान, असा कितीतरी वर्षं घडवत आलेत. बाईचा स्वर वरचा, तर तिचा तंबोराही तसाच. लहान तंबोरा घेतला म्हणून कुणी गायिकेला कच्ची म्हणत नाही. मग मीच का इतकी वर्षं स्वतःला कच्ची म्हणत होते?

आपल्या घरातच बघा ना. ओटा बांधताना गवंड्यानं उंची कुणाला विचारून ठेवली? माझ्याकडे पोळ्या लाटताना टाचा उचलाव्या लागतात, माझ्या उंच जावेची पाठ वाकून दुखते. आपण मात्र कामाला चपळ नाही म्हणून स्वतःलाच बोल लावतो. मी तर आता पाटावर उभी राहून पोळ्या लाटते. ज्यांना टाचा उचलाव्या लागतात त्यांनी करून बघावं, पाट तेवढा न हलणारा घ्यावा.

असो. गिटार यायच्या आधीची माझी तयारी ऐका. कुणाच्या घरी असं वाद्य असेल तर उपयोगी पडेल.

आपल्याकडे पावसाळ्यात दारं फुगतात ना, तशीच गिटारीची पेटीही फुगते आणि तारा पट्टीपासून उचलल्या जातात. कोरड्या हवेत उलट ती आकसते, तडकते. तिला मधली, साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणाची हवा मानवते. म्हणून बाहेरच्या भिंतीला टांगायची नाही, स्वयंपाकघराच्या वाफेपासून लांब ठेवायची, आणि वाजवून झाली की पेटीत बंद करायची. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी केव्हापासून साठवते आहे. खोकं आलं की लगेच उघडायचं नाही, दिवसभर घरात तसंच राहू द्यायचं. एवढा धीर मला निघेल का, हा प्रश्नच आहे!

वाजवताना उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवाव्यात, त्यांनी पेटीवर ओरखडे पडतात. लांब मंगळसूत्र मागच्या बाजूला घासतं, ते पदराआड घ्यावं. डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापावीत. आणि भांडी घासल्यावर लगेच वाजवायला बसू नये. भिजल्या बोटांना तारा फार लागतात. पहिले काही आठवडे बोटं दुखतातच, मग कातडी राठ होते. आपली बोटं चटक्यांना सरावलेली, तारांनाही सरावतील.

पैशांचंही सांगून टाकते. शाळेतल्या माझ्या अर्ध्या वेळच्या पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला ठेवले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यात गौरींचे नवे मुखवटे आले असते." खोटं नाही ते. मला एक रात्र झोप लागली नाही. हे म्हणाले, "मुलीसाठी घेतली म्हण, म्हणजे कुणी काही बोलणार नाही." ह्यांनी माझ्या भल्यासाठीच सांगितलं. तेच वाक्य परवा दारात माझ्या तोंडून बाहेर पडलं.

आपलं असंच होतं, नाही का? साडी घेतली तर लग्नात नेसायला, खुर्ची घेतली तर सासऱ्यांना बसायला. 'मला हवी होती' एवढं एकच कारण द्यायला आपण लाजतो. पण लेकीनं जे ऐकलं, ते तसंच तिच्या मनात राहू देणं मला बरं वाटेना.

काल संध्याकाळी विरजणाची वाटी आणायचं निमित्त करून वहिनींकडे गेले, लेकीला बरोबर घेऊन. म्हटलं, "वहिनी, परवा चुकीचं बोलले. गिटार माझी आहे. मी शिकणार आहे." वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "केवढ्याला पडली हो?" मी खरी किंमत सांगितली. रुपयाही कमी केला नाही.

परत येताना लेक म्हणाली, "तुझी असली तरी मला शिकवशील ना?" शिकवीन म्हटलं. आधी मला येऊ दे!

दुकानदार म्हणाले होते, गौरींच्या आधी मिळेल. आज हरतालिकेचं सामान आणलं, तरी अजून पत्ता नाही. थांबा हं, घंटा वाजली वाटतं...

दूधवाला होता. आली की कळवीनच.