बारा वर्षांनी येणारी डेडलाइन

प्रोजेक्ट लाइव्ह गेला की ऑफिसात काय होतं? केक, ग्रुप फोटो, बॉसचा कौतुकाचा मेल. मग रिव्ह्यू मीटिंग. अर्धे जण घड्याळाकडे बघतात, बाकीचे बळीचा बकरा कोण होणार याचा अंदाज घेतात. मिनिट्स कुठल्यातरी फोल्डरमध्ये गडप होतात. पुढच्या वेळी टीम नवी, चुका मात्र जुन्याच!

आता नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ घ्या. हा प्रोजेक्ट येतो बारा वर्षांनी. तोवर आधीचे अधिकारी बदलून तरी गेलेले असतात, नाहीतर रिटायर. कुणाच्या आठवणीवर भागणारच नाही.

स्नानाच्या मानावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये पूर्वी रक्त सांडलं होतं. पेशवाईत निवाडा झाला : शैवांनी त्र्यंबकच्या कुशावर्तावर नहायचं, वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर. दोनशे वर्षं उलटली, व्यवस्था तीच आहे. धडा नियमातच उतरला, त्यामुळे तो कुणाला नव्याने शिकावा लागत नाही.

प्रत्येक धडा असा स्वस्तात मिळत नाही. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. चौकशी आयोग बसला. २०१५ मध्ये त्या आठवणीचा धसका इतका होता, की २९ ऑगस्टच्या पहिल्या शाहीस्नानाला बॅरिकेड्सचा अतिरेक झाला. भाविकांची पायपीट झाली, गर्दी अपेक्षेपेक्षा कमीच आली. भरपूर टीका झाली. पण १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या स्नानाला बंदोबस्त सैल केला गेला आणि तो मेळा चेंगराचेंगरीविना पार पडला.

मला यातला दुसरा भाग जास्त आवडतो. आढाव्यासाठी समारोपाची वाट बघितली नाही. अमेरिकन लष्करही सरावानंतर लगेच बसतं आणि साधे प्रश्न विचारतं : काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढे काय बदलायचं? 'कुणामुळे' हा प्रश्न त्यात नाही. तो आला की माणसं तोंड मिटतात, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला ठरलंय. तुमचं पुढचं रिलीज बहुधा त्याच्या बरंच आधी असेल. तेव्हा पहिल्या टप्प्यानंतरच अर्धा तास काढा. आणि जे लिहाल, ते त्या दिवशी ऑफिसात नसलेल्या माणसाला कळेल असं लिहा. पुढच्या वेळी काम त्यालाच करायचंय, बॉस!