वॅट, वायर आणि आईची कॉट

आमच्या जुन्या स्पीकरांपैकी डावा गाता गाता खोकायला लागला, तेव्हा त्यांना निवृत्त करायचं ठरलं. माणूस निवृत्त झाला की त्याला फंड मिळतो. स्पीकर निवृत्त झाला की आपल्या फंडाला भोक पडतं, एवढा फरक मला तेव्हाच कळला होता. बाकीचं पुतण्याला सोबत नेल्यामुळे कळलं.

हल्ली हाय-फाय नावाचा एक संप्रदाय निघालेला आहे. त्याचे भक्त गाणं ऐकत नाहीत, यंत्र ऐकतात. भीमसेनजींची तान संपल्यावर तुमच्या-माझ्या तोंडून "वा!" निघतं, भक्त विचारतो, "ट्विटर जरा कडक वाटत नाही का, काका?" माझा पुतण्या या संप्रदायाची माळ घातलेला. एरवी पोरगा गुणी आहे. परंतु या संप्रदायाविरुद्ध मला आज रीतसर फिर्याद मांडायची आहे.

पहिलं कलम वॅटचं. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुमचा ॲम्प्लिफायर पंचवीस वॅटचा. त्याला हे स्पीकर म्हणजे लुनाला ट्रक बांधण्यासारखं. शंभर वॅटचा घ्या." पुतण्यानं मान डोलावली. मी भाजी घेताना देठ बघणारा माणूस. स्पीकरच्या खोक्यावरचं बारीक छापलेलं वाचलं. संवेदनशीलता ८६ डेसिबल, रोध ८ ओहम. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. माझ्या पंचवीस वॅटमध्येच तो स्पीकर एक मीटरवर १०० डेसिबलपर्यंत ओरडणार होता. आणि शंभर वॅटमध्ये? १०६. चौपट वॅट आणि वर फक्त सहा डेसिबल! कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा लागतात. एवढा आवाज आमच्या इमारतीत फक्त गणपतीत चालतो, आणि तेव्हाही खालचे आजोबा काठी घेऊन वर येतात.

शेजारच्या जोडीवर ८९ डेसिबल लिहिलं होतं. पण ती ४ ओहमची, आणि आकडा २.८३ व्होल्टवर मोजलेला. तेवढ्या व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर एक वॅट खातो, ४ ओहमचा दोन. दोन पोळ्या खाऊन एकाच पोळीचा हिशेब द्यायचा, असा हा प्रकार. शिवाय ४ ओहमचा स्पीकर विजेचा प्रवाहही दुप्पट ओढणार. माझ्या म्हाताऱ्या ॲम्प्लिफायरला धाप लागली असती. जोडी जमवताना पत्रिका बघायची ती इथे.

वॅट अगदीच कुचकामी, असं माझं म्हणणं नाही. लहान ॲम्प्लिफायर कुवतीबाहेर पिळला की लहरींचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि बिचारा ट्विटर जळतो. पण पिळतो कोण? आपणच ना!

दुसरं कलम वायरचं. एका तारेची किंमत ऐकून मला वाटलं, हा माणूस दागिन्यांच्या पेढीतून इथे बदलून आला असावा. घरी चार मीटरची तार लागणार. जाऊन-येऊन आठ मीटर. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा एवढ्या लांबीला रोध भरतो ०.०६ ओहमच्या आत. स्पीकरच्या ८ ओहमपुढे तो शंभरातला एक हिस्साही नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ती तार घेतली. पुतण्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लग्नाला लुंगी लावून आलोय.

तिसरं आणि मुख्य कलम खोलीचं. आमचा हॉल वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि जुन्या इमारतीमुळे दहा फूट उंच. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ध्वनीची लहर ५६ हर्ट्झच्या आसपास येऊन घुमते. छत आणि फरशीमध्येही तेवढ्यालाच, आणि वीस फुटांत दुसरी लहर बसते तीही तिथेच. तिघांनी मिळून एकच सूर धरलेला! बास गिटारची ए ही तार आहे ५५ हर्ट्झची. शोभून दिसतात म्हणून मी स्पीकर कोपऱ्यांत ठेवले आणि सोफा मागच्या भिंतीला टेकवला. सिनेमातलं गाणं लावलं, तर ती तार वाजली की शोकेसमधल्या बशा टाळ धरायच्या. कोपरा खर्ज फुगवतो, भिंतीजवळचा कान तो फुगलेलाच ऐकतो. स्पीकर दोन फूट पुढे आणि सोफा दीड फूट अलीकडे, एवढ्यानं निम्मं दुखणं गेलं. खर्च शून्य.

पण पुतण्याचं समाधान होईना. म्हणाला, "काका, डावी-उजवी बाजू सारखी पाहिजे. पुस्तकांचं कपाट काढा. आणि आजीची कॉट आतल्या खोलीत हलवा."

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची. त्या कॉटवरून तिला दार दिसतं, रस्ता दिसतो, येणारा-जाणारा दिसतो. ती "हलवा रे, मला काय" म्हणाली. आईचं "मला काय" म्हणजे काय, हे कळायला डेसिबल लागत नाहीत. तरीही आम्ही कॉट हलवली. लिहायला लाज वाटते, पण हलवली.

संध्याकाळी गाणं लावलं. रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक शब्द फरशीवर आपटून, भिंतीला थडकून परत येत होता. टाळी वाजवली तर किणकिणली. गाणं न्हाणीघरात चाललंय असं वाटावं!

१८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकापुढे हीच पीडा होती. तिथल्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. या गृहस्थानं शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या आणि जसजशा गाद्या वाढल्या, तसतसा घुमारा कमी होताना मोजला. त्यातून त्याचं सूत्र निघालं, आणि त्याच्या सल्ल्यानं बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला. ज्या शास्त्राचा पाया गाद्यांवर रचला गेला, त्याच्या नावानं आम्ही घरातली गादी बाहेर काढली होती!

त्याच रात्री कॉट परत आली. कापसाची गादी आली, आईच्या लुगड्यांच्या चार गोधड्या आल्या, पुस्तकांचं कपाट आलं. किणकिण थांबली. चकचकीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये लाखांचे स्पीकर लावून "अजून मजा येत नाही" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पुढचे लाख घालवण्याआधी घरात एक गोधडी आणून बघा. आणि तिच्यावर बसणारं माणूस असेल, तर त्याला उठवू नका.

जुन्याच ॲम्प्लिफायरवर मी नाट्यगीत लावलं. आई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आत्ता कुठे शब्द कळतायत रे."

पुतण्या काही बोलला नाही. तोही कॉटच्या कडेला टेकला होता आणि, मी नीट बघितलं, चक्क गाणं ऐकत होता.