आकाशांतून पडलेला दगड कोणाचा?

डिसेंबरच्या मध्यास मिथुन राशीचा उल्कावर्षाव पाहण्यास लोक गच्चीवर जमतात, हें आम्हांस सुचिन्ह वाटतें. मात्र वर्षावांतील बारीक कण वातावरणांतच जळून जातात. भूमीवर पडणारा अशनि निराळा. असाच एक २५ ऑगस्ट १८६५ रोजीं बिहारांत शेरघाटी येथें पडला. व्हिएन्नाच्या चेर्माक यांनीं १८७२ सालीं त्यांत एक नवें द्रव्य ओळखलें, आणि पुढें तो दगड मंगळावरचा ठरला! गांवकऱ्यांनीं त्यास शेंदूर फांसला असता, किंवा कोणा व्यापाऱ्यानें (आमचे वाचक क्षमा करोत) त्याचे तुकडे विकले असते, तर हें कळतें कसें? सबब ज्याच्या शेतांत अशनि पडेल त्यानें वेळ व जागा लिहून तो सरकारच्या भूविज्ञान खात्याच्या स्वाधीन करावा. खात्यानेंही त्यास रीतसर पोंच द्यावी, व तपासाचा निकाल मराठींत कळवावा.