हात सोडून सायकल

कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये माझं सिलेक्शन झालं त्याच रात्री मेसमध्ये चर्चा रंगली, पहिल्या पगाराचं काय करायचं! कुणी म्हणालं बाईक, कुणी म्हणालं एफडी. मी गप्प. रूम पार्टनरने विचारलं, "तुझं काय रे?" म्हटलं, "एफडी आमच्यात चालत नाही, व्याज येतं." तो हसला, "मग काय, गादीखाली ठेवणार?"

प्रश्न चेष्टेचा होता, पण खोटा नव्हता. इस्लाममध्ये व्याज घेणं निषिद्ध. म्हणून अब्बांनी आयुष्यभर पैसे करंट अकाउंटमध्ये ठेवले आणि महागाईने ते हळूहळू खाल्ले. मामूंचं तर त्याहून वाईट झालं. "दरमहा ठरलेला हलाल नफा, तुम्ही काही बघायची गरज नाही" असं सांगणाऱ्या एका योजनेत त्यांनी घरासाठी साठवलेली रक्कम घातली. काही महिने पैसे आले, मग ऑफिसला कुलूप! बेंगळुरूचं आय मॉनेटरी ॲडव्हायझरीचं प्रकरण तर २०१९ साली देशभर गाजलं. तिथेही हजारो कुटुंबांनी 'हलाल' या एका शब्दावर विश्वास टाकला होता.

मग मार्गच नाही का? आहे की! व्याज निषिद्ध आहे, व्यापार नाही. नफ्यातोट्यात भागीदार होता येतं, म्हणून शेअर चालतो. पण फिल्टर लावून. आपण इंजिनिअर मंडळी, फिल्टर म्हटलं की लगेच कळतं. पहिली चाळणी धंद्याची : दारू, जुगार, व्याजावर चालणाऱ्या बँका बाद. दुसरी हिशेबाची : बहारीनमधल्या एओफी या संस्थेच्या मानकांनुसार कंपनीचं व्याजी कर्ज तिच्या बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांवर नको आणि निषिद्ध उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत हवं. तेवढं जे निषिद्ध उत्पन्न शिरतं, त्यातला आपला वाटा दान करायचा.

हे सगळं सबमिशन आणि व्हायवाच्या धावपळीत कोण करणार? म्हणून दुसऱ्यावर सोपवायची सोय मला आवडते. आपल्याकडे टाटा एथिकल फंड आहे. एसआयपी लावली की पुढचं काम फंड मॅनेजरचं. अमेरिकेत वाहेद नावाची कंपनी आहे. ती किती जोखीम झेपेल ते विचारते आणि त्यानुसार पैसे शेअर, सुकूक (म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नात वाटा देणारे रोखे) आणि सोनं यांत वाटते.

पण इथेच खरी गोम आहे. २०२२ साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने याच वाहेदला ३ लाख डॉलरचा दंड केला. खात्यांची फेरजुळणी वेळोवेळी करू असं सांगून ती केली नव्हती. शरियाचं पालन कसं राखणार याची लेखी कार्यपद्धतीच नव्हती! म्हणजे नाव हलाल, पण आतली चाळणी तपासणारं कुणी नाही.

माझं मत सरळ आहे. हात सोडून सायकल जरूर चालवा, डोळे मिटून नको. पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, ठरलेला नफा देणार आहात का? 'हो' म्हटलं तर उठून चालू लागा. भागीदारीत नफा ठरलेला नसतो, ठरलेला असेल तर ते व्याजच की! दोन, पैसा कोणत्या कंपन्यांत आहे? म्युच्युअल फंडांना ही यादी दर महिन्याला जाहीर करावी लागते. तीन, चाळणी कोण लावतं आणि तो पुन्हा कधी तपासतो?

आणि हेही लक्षात ठेवा, बँका वगळल्या की पैसा मोजक्याच क्षेत्रांत एकवटतो. बाजार पडला तर आपणही पडणार. हलाल म्हणजे सुरक्षित नव्हे.

हे फक्त आम्हा मुसलमानांसाठी नाही बरं का! भविष्याच्या भीतीने आपल्यापैकी कितीजण 'सगळं आम्ही बघतो' म्हणणाऱ्याला सही करून देतात!

मी पहिल्या पगारातून १००० रुपयांची एसआयपी लावणार आहे. अब्बांनी फोनवर विचारलं, "बेटा, पक्कं हलाल आहे ना?" म्हटलं, "अब्बा, दिवाळीच्या सुट्टीत यादी घेऊन येतो. आपण दोघं बसून वाचू. मामूंनाही बोलवा."